तिकीट माफ झाले, गाडीचे काय?

(खंडाळा येथे ज्येष्ठ नागरिक व ग्रामीण कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलण्यासाठी ‘ग्रामीण भागातील ज्येष्ठांचा प्रवास’ हा विषय देण्यात आला आहे. ज्येष्ठांचा प्रवास म्हटले की काशी-रामेश्वराची यात्रा डोळ्यांसमोर येते. त्या प्रवासाविषयी मी बोलणार नाही. घरापासून दवाखान्यापर्यंत, बँकेपर्यंत, आठवडी बाजारापर्यंत आणि दिलेल्या लेकीच्या गावापर्यंत जो दहा-वीस किलोमीटरचा प्रवास असतो, तो आपल्या तालुक्यातील म्हाताऱ्या माणसाला आज कसा घडतो, एवढाच माझा विषय आहे. काशीला नेणारे पुष्कळ भेटतात. खंडाळ्याला नेणारा मिळत नाही, ही अडचण आहे.

आपल्या गावाचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला लोणावळ्याजवळचा खंडाळा आठवतो. एसटीने यातून आपल्यापुरता मार्ग काढला आणि आपल्या आगाराला ‘पारगाव-खंडाळा’ म्हटले. निदान एसटीच्या दप्तरात तरी आपली ओळख स्वतंत्र आहे. तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, तर येथे वाहतुकीची वाण आहे असे कोणीही म्हणणार नाही. उत्तरेला नीरा, दक्षिणेला खंबाटकीचा घाट आणि मधून राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी तो चार क्रमांकाचा होता, आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा आहे. पूर्वेला लोणंद येथे पुणे-मिरज मार्गावरील रेल्वे स्थानक आहे. शिरवळपासून केसुर्डीपर्यंत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि तेथील कामगारांच्या गाड्या पाळीनुसार ये-जा करीत असतात. परंतु महामार्ग तालुक्यातून जातो, तालुक्यासाठी जात नाही. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीच्या दृष्टीने आपण वाटेवरचे एक उड्डाणपूल आहोत. त्या उड्डाणपुलाखाली पिशवी घेऊन उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईला वरून धावणाऱ्या शंभर गाड्यांचा काय उपयोग?

ही बाई एकटी का उभी आहे, हेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांवर होती आणि हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते. सातारा जिल्ह्यातील या आकड्यामागे एक जुना इतिहास आहे. येथील कर्ता पुरुष पिढ्यान्पिढ्या बाहेर राहिला. कोणी सैन्यात गेला, कोणी गिरणीत, कोणी मुंबईच्या गोदीत आणि मसजिद बंदरच्या बाजारात पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा ज्यांच्या चळवळीमुळे झाला, ते अण्णासाहेब पाटील याच जिल्ह्याच्या पाटण भागातले. पूर्वी माणूस बाहेर गेला तरी कुटुंब गावी असे. आता कुटुंबही गेले. चाकण, हिंजवडी, नवी मुंबई येथे सून-नातवंडे राहतात आणि गावच्या घरात दोनच माणसे उरतात. पुढे कधीतरी एकच. साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण २०११ मध्ये देशात ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. तरुण बाहेर गेलेल्या गावाचे प्रमाण याहून अधिक असणार, हे समजण्यास जनगणनेची गरज नाही. संध्याकाळी पारावर जाऊन बसावे म्हणजे कळते.

मुले वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. ती पैसे पाठवतात, दिवाळीला येतात, यात्रेला येतात, रोज दूरध्वनी करतात. मात्र मंगळवारी सकाळी दहा वाजता रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तर पुण्यातला मुलगा त्या वेळी खंडाळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आईला घेऊन जाऊ शकत नाही. हे काम अनेक दशके एसटीने केले. एकत्र कुटुंबाची वीण सैल होत गेली, तेव्हा तिच्या जागी जे काही उभे राहिले त्यात एसटीची गाडी होती, असे मी म्हणतो तेव्हा ते कोणाला अतिशयोक्त वाटू नये.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. (त्या नगरला आता आपण अहिल्यानगर म्हणतो.) ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एसटीचे ब्रीद. ते नुसते बोधचिन्हापुरते राहिले नाही. जेथे रस्ता पोचला तेथे लाल गाडी पोचली. मुक्कामी गाडी आठवते का? संध्याकाळी गावात येणारी, चालक-वाहक देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या पडवीत झोपणारे, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-पिठले येणारे आणि पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की अख्ख्या आळीला जाग येणारी ती गाडी. चालकाला गावातील म्हाताऱ्यांची नावे ठाऊक असत. बायजाआक्का अजून आली नाही म्हणून गाडी दोन मिनिटे थांबे आणि त्याबद्दल गाडीत कोणी कुरकुर करीत नसे. शिकायला शहरात ठेवलेल्या मुलांचे डबेही याच गाडीने जात. गावाचा आणि गाडीचा हा घरोबा कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेला नव्हता.

आता सवलतींकडे येतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांना निम्मे तिकीट ही सवलत जुनी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना आली आणि पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. एक गंमत सांगण्यासारखी आहे. १ जून २०२३ रोजी एसटी स्वतः पंचाहत्तर वर्षांची झाली, म्हणजे आपल्याच योजनेच्या वयात बसली. तिच्याही गुडघ्यांना काय झाले आहे ते पुढे सांगतो.

या निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. ज्या वृद्धाच्या हातात श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये येतात, त्याला खंडाळ्याला जाण्यायेण्याचे भाडे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, ती जवळपास पंधरा टक्क्यांची होती. तिची झळ पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला लागली नाही. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची भाडेसवलत बंद केली, हे लक्षात घेतले तर एसटीचे मोल अधिकच कळते. एक सूचना मात्र याच ओघात करून ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या आधारपत्रावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. दाखला नव्हता, वर्ष अंदाजाने सांगितले आणि लिहिणाऱ्याने लिहून घेतले. त्यात कित्येकांचे वय चार-पाच वर्षांनी कमी पडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी कागदावर त्र्याहत्तर वर्षांची असते आणि वाहक तिला अर्धे तिकीट फाडतो. त्यात वाहकाचा दोष नाही. शाळेचा जुना दाखला किंवा जन्म-मृत्यूची नोंद मिळत असेल, तर दुरुस्ती करून देण्याचे काम गावातील कोणाही शिकलेल्या मुलाला करता येईल.

तिकीट माफ झाले. पण गाडीचे काय?

विनामूल्य प्रवासाचा हक्क गाडीत बसल्यावर सुरू होतो. गाडीच नसेल तर तो हक्क कपाटातल्या भांड्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत एसटी थांबली. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या गाड्या पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पाठोपाठ २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संपकऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती. अल्प वेतनात राबणाऱ्या माणसांविषयी मी येथे एक शब्दही वावगा बोलणार नाही. परंतु या दोन वर्षांत खेड्यांतल्या फेऱ्यांची सवय मोडली. एकदा थांबलेल्या अनेक फेऱ्या राज्यात परत सुरू झाल्याच नाहीत. कोविडपूर्वी महामंडळाकडे अठरा हजारांहून अधिक गाड्या होत्या. पुढे ती संख्या पंधरा हजारांच्या आसपास उतरली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला. गाड्या कमी पडल्या की आगारात पहिली कात्री कोठे लागते? महामार्गावरील लांब पल्ल्याच्या गाडीला नाही. ती लागते आडगावच्या फेरीला.

ज्या फेऱ्या उरतात, त्यांची वेळ कोणासाठी बांधलेली असते, तेही पाहा. सकाळी सातच्या सुमारास एक आणि संध्याकाळी पाचच्या पुढे एक. ही शाळा-महाविद्यालयाची वेळ आहे आणि तशी ती असलीच पाहिजे, मुलींचे शिक्षण याच गाड्यांवर उभे आहे. सावित्रीबाईंचे नायगाव ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्यात मुलींची गाडी बंद करा असे कोण म्हणेल? पण सातच्या गाडीने निघालेला वृद्ध साडेसातला तालुक्याला उतरतो. रुग्णालयात केसपेपर निघायला वेळ असतो, बँक दहाला उघडते. काम अकरा-साडेअकराला संपते आणि परतीची गाडी थेट संध्याकाळी. मधले पाच-सहा तास मधुमेही माणसाने कोठे काढायचे? बसस्थानकाच्या बाकावर. स्वच्छतागृहाची अवस्था कशी असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भीतीने बाया घरून निघाल्यापासून पाणी पीत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही, या सभागृहातील भगिनींना विचारा. सकाळी साडेदहाला गावातून निघणारी आणि दुपारी एक-दीडला गावी परतणारी एक फेरी जर असेल, तर हा सारा छळ संपतो. ती फेरी रोजचीही नको. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

म्हातारपणाचा प्रवास दवाखान्यापुरता असतो, असा एक समज शहरात आहे. माणसे आजारपणासाठी जगत नाहीत. आपल्याकडच्या लेकी फलटणला, वाईला, भोरला, पुरंदरला दिलेल्या असतात. तेथे बारसे असते, साखरपुडा असतो आणि बहुतेक वेळा कोणाचा तरी दहावा असतो. दहाव्याला जाणे हे आपल्या समाजात ज्येष्ठांचे कर्तव्य आहे. तरुण गेला नाही तर चालते, भावकीतला म्हातारा गेला नाही तर ती बोलणी वर्षभर राहतात. ज्याला तेथे जाता येत नाही, तो हळूहळू नातेवाइकांच्या हिशेबातून उतरतो. घरातच बसलेल्या माणसाचे पाय लवकर जातात, हे कोणताही वैद्य सांगेल.

आता गाडीच्या पायरीबद्दल. आपली लाल गाडी मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधत आले आहेत, म्हणून तिचा तळ उंच. पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. पंचाहत्तरीत प्रवास विनामूल्य होतो आणि त्याच पंचाहत्तरीत पायरी चढवत नाही. शहरांतून सखल तळाच्या गाड्या आल्या. खेड्याला त्या खडबडीत रस्त्यामुळे सोयीच्या नाहीत, हे मान्य. पण थांब्यावर एक फरशी टाकलेला हातभर उंच ओटा बांधायला कोणते तंत्रज्ञान लागते? गाडी ओट्याला लागली की निम्मी चढण संपते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने वाहतूक सर्वांना वापरता येईल अशी असावी, असे बंधन शासनावर घातले आहे. ओट्यासाठी मात्र ग्रामपंचायतीला कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जागांचेही तसेच. गाडीत ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, त्यांवर कानात तारा घातलेले तरुण बसलेले असतात. शेजारी विधिमंडळ सदस्यांसाठीही जागा राखीव असतात. त्या जागेचा मानकरी कधी येत नाही, हे बरेच आहे. त्या निमित्ताने एखाद्या आजोबांना तरी बसायला मिळते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हिशेबाचा आहे. आगारात फेरी ठेवायची की काढायची, हे भारमानावर आणि प्रतिकिलोमीटर उत्पन्नावर ठरते. विनामूल्य प्रवाशांमुळे एसटी बुडते, असे बोलणारे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती अशी की सवलतीची रक्कम राज्य शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर मिळत नाही, हा महामंडळ आणि शासन यांच्यातील प्रश्न आहे आणि तो सोडवण्यासाठी आपण आमदारांकडे आग्रह धरला पाहिजे. पण वाहकाच्या यंत्रातून जे शून्य रुपयांचे तिकीट निघते, ते शून्य नव्हे. त्याची नोंद होते. त्या नोंदीवरून शासनाकडे मागणी जाते आणि ती फेरी किती जणांच्या उपयोगाची आहे हेही दिसते. म्हणून कृपा करून तिकीट घ्या. ‘माझे माफ आहे, कशाला कागद फाडतोस’ असे म्हणणारा आजोबा स्वतःच्याच गावाची गाडी कमी करीत असतो.

आणि आपण वडापने जातो, तेव्हाही तेच घडते. वडापवाल्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तीही आपल्याच गावची मुले आहेत, कर्ज काढून जीप घेतलेली. गाडी नसते तेव्हा तेच उपयोगी पडतात. परंतु भरल्याशिवाय ती सुटत नाही, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसावे लागते, सवलत नाही, आणि पाऊस लागला किंवा लग्नाची भाडी मिळाली की ती गाडी दिसत नाही. एसटी पाच मिनिटे उशिरा आली म्हणून आपण जीपमध्ये बसतो, मागून एसटी रिकामी जाते, तीन महिन्यांनी ती फेरी बंद होते आणि मग आपण निवेदन घेऊन निघतो. ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ हे वाक्य एकेकाळी अभिमानाने म्हटले जाई, नंतर विनोदाने. त्यात व्यवहाराचे शहाणपणही होते.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. इंग्लंडने एप्रिल २००८ पासून ज्येष्ठांना देशभर स्थानिक गाड्यांत विनामूल्य पास दिला आणि पुढच्याच दशकात स्थानिक संस्थांचे अनुदान आटल्यामुळे खेड्यांतील फेऱ्या बंद होत गेल्या. पास खिशात राहिला, गाडी गेली. जपानमध्ये टोकियोजवळच्या मुसाशिनो नगराने १९९५ मध्ये उलट बाजूने विचार केला. आधी वृद्धांना कोठून कोठे जायचे असते ते पाहिले, मग अरुंद गल्ल्यांतून जाणारी लहान गाडी सुरू केली आणि थांबे अगदी जवळ जवळ ठेवले. तसल्या गाड्या नंतर जपानभर पसरल्या. तेवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. तमिळनाडूने १९९७ मध्ये मोठी गाडी न पोचणाऱ्या खेड्यांसाठी मिनीबसची योजना काढली. आपल्याकडे महामंडळाने ‘यशवंती’ नावाच्या मध्यम आकाराच्या गाड्या आणल्या होत्या. अशी गाडी वाड्या-वस्त्यांच्या अरुंद रस्त्यावर चालते, आणि बारा माणसे बसली तरी रिकामी वाटत नाही. अटलजींच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि खेड्यांना डांबरी रस्ते मिळाले. रस्ता ही निम्मी गोष्ट झाली. त्या रस्त्यावरून स्वतःचे वाहन नसलेल्या माणसाला नेणारे चाक मिळाले, म्हणजे ती पुरी होईल.

गाड्या नाहीतच, असे कोणी सांगितले तर आषाढी आठवावी. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या तालुक्यात येते, लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत हीच एसटी पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते आणि वारकऱ्यांना सुखरूप घरी आणून पोचवते. वारीत चालणाऱ्यांत निम्मे केस पिकलेले असतात. वर्षातून एकदा त्यांच्यासाठी जे नियोजन होऊ शकते, त्यातील कणभर नियोजन उरलेल्या अकरा महिन्यांत मागणे हा हट्ट नव्हे.

मागायचे कोणाकडे आणि कसे? ‘गाडी सुरू करा’ असे मोघम निवेदन आगारात दिले, तर ते फाइलीत जाते. आगार व्यवस्थापकाला आकडा लागतो. कोणत्या गावातून, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती जण, कोठे जाणार. ग्रामसभेचा ठराव त्यासोबत जोडला आणि त्याची प्रत साताऱ्याला विभाग नियंत्रकांकडे गेली, तर नकार देणाऱ्याला कारण लिहावे लागते. तीन-चार शेजारची गावे एकत्र आली तर एकाच गाडीची फेरी सर्वांना मिळू शकते. येथे गावागावांची जुनी भांडणे आड येतात. गाडी आधी त्यांच्या वेशीतून का जाणार, म्हणून फेरी अडलेली मी पाहिली आहे. तेवढे या वेळी सांभाळावे.

तरुण कार्यकर्त्यांना वेगळे सांगतो. रक्तदान शिबिर घेता, वृक्षारोपण करता, उत्तम आहे. पण ज्या दिवशी दुपारची फेरी पहिल्यांदा सुरू होईल, त्यानंतरचे तीन महिने तुमच्यापैकी एकाने गाडीच्या वेळी थांब्यावर उभे राहायचे आहे. म्हाताऱ्यांना हात द्यायचा, पिशवी चढवायची, कोण आले नाही ते पाहायचे आणि त्याच्या घरी जाऊन का आला नाही ते विचारायचे. नवी फेरी पहिल्या तीन महिन्यांतच जगते किंवा मरते. छायाचित्र काढण्याजोगे यात काही नाही, म्हणून हे काम तुम्हाला सांगतो आहे.

माझे बोलणे संपले. आता एक कागद फिरवला जाईल. त्यावर गावाचे नाव, कोणत्या वेळी गाडी हवी, आठवड्यातून किती दिवस आणि घरात साठीपुढची माणसे किती, एवढेच लिहायचे आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी शेजारच्याला सांगावे. कागद मागच्या रांगेपासून सुरू करा. पुढे बसलेले आम्ही बहुतेक जण स्वतःच्या गाडीने आलो आहोत.